चौदा नंबरच्या ताईंची प्रवेश परीक्षा

ताईंना तत्त्वज्ञानाची गोडी लागली ती स्वच्छतागृहामुळे. ही गोष्ट त्या कुणापासून लपवत नसत. उलट चारचौघांत मोठ्याने सांगत, आणि ऐकणारा संकोचला की त्यांना आणखी चेव येई.

त्या चौदा नंबरची बस चालवत. डेपोतून निघायचं, भाजीबाजार, कोर्ट, दोन शाळा आणि रेल्वेफाटक ओलांडून विद्यापीठाच्या मागच्या दाराशी पोचायचं. तिथे अठरा मिनिटं थांबायचं आणि परत फिरायचं. त्या शेवटच्या थांब्यावर एक बाकडं होतं, एक कचराकुंडी होती, आणि बाईमाणसाच्या सोयीचं काहीही नव्हतं. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी अगदीच नाइलाज झाला, तेव्हा ताई सरळ समोरच्या इमारतीत घुसल्या. ती निघाली तत्त्वज्ञान विभागाची. स्वच्छतागृह तळमजल्यावर, लख्ख, आणि शेजारीच वर्ग. परत येताना वर्गाचं दार उघडं होतं. आत घोगऱ्या आवाजाच्या एक प्राध्यापकबाई मुलांना विचारत होत्या, "काल रात्री तुम्ही झोपलात आणि आज सकाळी उठलात. उठलेला माणूस तोच आहे, हे तुम्हाला कशावरून कळलं?"

ताई ओले हात तसेच धरून दारात उभ्या राहिल्या. असला प्रश्न कुणी पगार घेऊन विचारतं, आणि पंचवीस मुलं तो वहीत उतरवून घेतात, याचंच त्यांना आधी नवल वाटलं. मग प्रश्नाचं वाटलं. मग घड्याळाकडे लक्ष गेलं आणि त्या पळत सुटल्या.

त्या दिवसापासून तो परिपाठच झाला. अठरा मिनिटांतून जाण्यायेण्याची चार आणि मूळ कामाची तीन वजा केली की अकरा मिनिटं उरत. प्राध्यापकबाई आधी प्रश्न मांडत, मग तो दिसतो तितका सोपा कसा नाही ते दाखवत, आणि आता उत्तराकडे वळणार इतक्यात ताईंची निघायची वेळ होई. सहा वर्षांत त्यांनी शेकडो तासांची पहिली अकरा मिनिटं ऐकली होती. जगातले बहुतेक सगळे मोठे प्रश्न त्यांना तोंडपाठ होते आणि उत्तर एकाचंही माहीत नव्हतं. मग उत्तरं त्या स्वतःच तयार करत. फाटक बंद असलं तर एखादं उत्तर चांगलं मुरलेलंही निघे.

आणि अशात डेपोच्या फळ्यावर सूचना लागली. फाटकापलीकडचा पूल दुरुस्तीला काढणार होते, त्यामुळे पुढच्या सत्रापासून चौदा नंबर फाटकापर्यंतच जाणार. किती वर्षं, ते लिहिलेलं नव्हतं. बाकीचे चालक खूश झाले, फेरी लहान झाली म्हणून. ताईंनी सूचना दोनदा वाचली आणि त्यांना चक्क रडू कोसळलं. बस धुवायच्या नळीखाली तोंड धरून त्यांनी ते लपवलं.

घरी त्यांची मुलगी होती, सतरा वर्षांची, आणि तिच्या मते जगात असा एकही प्रश्न नव्हता जो मोबाइलवर सुटत नाही. तिने जेवता जेवता शोधून काढलं, की त्याच विभागात नोकरदारांसाठी संध्याकाळचा अभ्यासक्रम आहे. जागा तीस. वयाची अट नाही. प्रवेश परीक्षा ऑनलाइन, घरी बसून द्यायची. पन्नास प्रश्न तर्काचे आणि शेवटी एक निबंध, वेळ दीड तास.

"देऊन टाक," मुलगी म्हणाली.

"अगं, पण त्या परीक्षेत उत्तरं लागतात," ताई म्हणाल्या. "माझ्याकडे नुसते प्रश्न आहेत."

त्यांचा नवरा बेकरीत भट्टीवर होता. पहाटे कामाला जायचा, त्यामुळे संध्याकाळी त्याच्या पापण्या जड झालेल्या असत. तो डोळे न उघडता म्हणाला, "तीस जागा आहेत ना? मग एक तुझी." आणि तिथेच पेंगला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळपाळी संपली की चार वाजता ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अभ्यासाला बसू लागल्या. मुलीने जुन्या प्रश्नपत्रिका छापून आणल्या होत्या. सगळे 'अ' 'ब' असतात आणि काही 'ब' 'क' असतात, असलं काही आलं की ताईंचं डोकं बंद पडे. म्हणून मुलीने अक्षरांच्या जागी माणसं घातली.

"सगळे वकील घाईत असतात. घाईतले काही लोक पडतात. म्हणून काही वकील पडतात. बरोबर की चूक?"

"बरोबर! पडतात की. कोर्टाच्या स्टॉपवर रोज बघते मी."

"आई, तू बघितलेलं चालत नाही. या दोन वाक्यांतून ते निघतं का, एवढंच सांग."

"म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत पडलेला वकील खोटा?"

"वकील खरा. वाक्य निघत नाही."

ताईंना हे पचायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी बस चालवता चालवता एकदम डोक्यात उजेड पडला. घाईतले पडणारे ते लोक डॉक्टरही असू शकतील, आणि मग वकिलांचा काय संबंध! त्यांना इतका आनंद झाला की पुढच्या थांब्यावर चढणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यांनी नमस्कार केला. त्यानंतर मात्र गाडी सुसाट सुटली. पन्नासपैकी एकोणीस, मग सत्तावीस, मग अडतीस.

घोडं अडलं ते भलतीकडेच. परीक्षेच्या आधी विद्यापीठाने एक सराव परीक्षा ठेवली होती. लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवायचा, खोलीत एकट्यानेच बसायचं, आणि नजर पडद्यावरून हलवायची नाही. ती सारखी हलू लागली की यंत्र ताकीद देणार, आणि तिसऱ्या ताकिदीनंतर परीक्षा बंद. ताई केस विंचरून, युनिफॉर्मच घालून बसल्या, तेवढाच धीर वाटतो म्हणून. चौथ्या मिनिटाला पडदा लाल झाला आणि त्यावर अक्षरं आली, 'गैरप्रकाराचा संशय. परीक्षा समाप्त.'

"मी काय केलं?" ताई ओरडल्या.

मुलीने चित्रीकरण लावून दाखवलं. ताईंचे डोळे डावीकडे जात, मग उजवीकडे, मग क्षणभर वर, मग पडद्यावर. सात-आठ सेकंद गेले की पुन्हा तेच. बावीस वर्षांपूर्वी डेपोच्या मास्तरांनी त्यांना हे शिकवलं होतं, आरसा, आरसा, मागचा आरसा, रस्ता, आणि विसरलं की सगळ्यांसमोर पुन्हा पहिल्यापासून. आता ते श्वास घेण्याइतकं अंगवळणी पडलं होतं. ताई जेवतानाही असंच बघत आणि टीव्ही बघतानाही. लग्नानंतरचे पहिले काही महिने तर नवऱ्याला वाटे, की ही बाई पळून जायची वाट शोधतेय.

"एवढंच ना?" दारातून हे बघत असलेल्या सासूबाई म्हणाल्या. "मी मोडते तुझी खोड."

सासूबाईंना घरात फार दिवसांनी एखादं काम मिळालं होतं. त्या स्टीलचं ताट आणि डाव घेऊन टेबलापलीकडे बसल्या. सुनेची नजर ढळली की ठण्ण! पहिल्या दिवशी शेजारीपाजारी विचारायला आले, काय झालं म्हणून. मग सासूबाईंनीच पुठ्ठा कापून घोड्याच्या डोळ्यांना लावतात तशी झापडं बनवली. ती लावून ताई कॅमेऱ्यासमोर बसल्या तर यंत्र म्हणालं, 'उमेदवाराचा चेहरा दिसत नाही.' मुलगी हसून हसून खुर्चीवरून घसरली. झापडं रद्द झाली आणि पुन्हा ताट आलं. ठण्ण, ठण्ण. हळूहळू ताईंची नजर जागेवर राहू लागली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात चाळीस मिनिटं झाली, त्या दिवशी सासूबाईंनी डाव खाली ठेवून सुनेची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, ताईंनी दुसऱ्या शाळेच्या थांब्यावरून बस बाहेर काढली आणि बसच्या पत्र्यावर फाडफाड थापा बसल्या. त्यांनी करकचून ब्रेक दाबला. कडेने एक म्हातारी बाई सायकलवरून येत होती. ती सायकल तशीच धरून खिडकीखाली आली.

"आरसे काय वेणीफणी करायला लावलेत का गं?" ती कडाडली. "बघितलं का नाहीस?"

बाई शंभर टक्के बरोबर होती. ताईंनी बघितलंच नव्हतं. नजर समोरच्या काचेवर चिकटून राहिली होती, तीन आठवडे शिकवल्याप्रमाणे. म्हातारीला काही लागलं नव्हतं, सायकललाही नाही. चांगलं तोंडसुख घेऊन ती निघून गेली. उरलेली फेरी ताईंनी मोठ्याने आरसा, आरसा, रस्ता म्हणत पुरी केली, आणि मागच्या प्रवाशांनी एकमेकांकडे बघितलं.

त्या दिवशी चार वाजता सासूबाई ताट घेऊन हजर होत्या.

"आई, ते आत ठेवा," ताई म्हणाल्या.

"का गं? चाळीस मिनिटं झाली की!"

"म्हणूनच." आणि ताईंनी झालं ते सांगितलं. "माझ्यामागे चाळीस माणसं बसतात, आजूबाजूने शंभर जातात. त्यांना मी दिसतसुद्धा नाही. डोळ्यांच्या भरवशावर तर सगळं चाललंय. मला ते मोडायचे नाहीत."

सासूबाईंनी ताट फडताळात ठेवलं.

"मग परीक्षेचं काय?" नवऱ्याने विचारलं. आज तो टक्क जागा होता.

"देणार. हेच डोळे घेऊन देणार."

"आई, पाच मिनिटांत बंद पडेल!" मुलगी कळवळून म्हणाली. "ही हुकली तर पुढच्या वर्षी तुझी बसच तिकडे जात नाही."

"माहीत आहे मला," ताई म्हणाल्या. त्यांना सगळ्यांत जास्त तेच माहीत होतं.

मुलीने विद्यापीठाला सवलतीसाठी अर्ज केला. उत्तर आलं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळे ठणठणीत आहेत, आणि आजाराचं नाव काय लिहू, असं विचारलं. ताई म्हणाल्या, "नोकरी." प्रमाणपत्र काही मिळालं नाही.

परीक्षा रविवारी अकराला होती. नवरा मुद्दाम सुट्टी घेऊन घरी थांबला होता आणि तिघंही दाराबाहेर श्वास रोखून उभे होते. ताईंनी भराभर उत्तरं द्यायला घेतली. पडद्यावर नजर खिळवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. सहाव्या मिनिटाला, नऊ प्रश्न झाल्यावर, पडदा लाल झाला.

त्या बाहेर आल्या तेव्हा कुणाला काही विचारावं लागलं नाही. सासूबाईंनी त्यांना पोटाशी धरलं आणि विद्यापीठाला अशा काही शिव्या दिल्या की नात चकित झाली. पण नात गप्प बसणारी नव्हती. तिने नियमांचं सत्तावीस पानी पत्रक चाळून शेवटच्या पानावर एक ओळ शोधली होती. परीक्षा संशयावरून बंद झाल्यास उमेदवाराला समक्ष म्हणणं मांडता येईल. अर्ज त्याच दुपारी गेला.

बोलावणं बुधवारचं आलं. ताईंनी रजा टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा चौदा नंबरमध्ये प्रवासी म्हणून बसल्या. विभागाच्या पहिल्या मजल्यावर एका लांब टेबलामागे तिघं होते. एक प्रवेश कार्यालयातले अधिकारी, एक तरुण प्राध्यापक, आणि मधोमध घोगऱ्या आवाजाच्या प्राध्यापकबाई. त्यांना समोर बघून ताईंनी घाबरून दोनदा नमस्कार केला.

अधिकाऱ्यांनी कागद वाचला. "सहा मिनिटांत आपण पंचेचाळीस वेळा बाजूला बघितलंत. यंत्राची नोंद आहे."

"पंचेचाळीसच असेल," ताई म्हणाल्या. "मी बस चालवते. आरसे बघायची सवय आहे."

"पण नक्कल करणारे उमेदवारही असंच बाजूला बघतात."

"बघत असतील ना. त्यावरून मी नक्कल केली असं कसं निघतं?" वाक्य तोंडातून निघालं आणि ताईंना एकदम आपल्या टेबलाशी बसल्यासारखं वाटलं. भीती पळाली. "साहेब, आमचे तिकीट तपासणारे सांगतात, बिनतिकीट माणूस खिडकीबाहेर बघतो. खरं आहे, बघतो. पण म्हणून खिडकीबाहेर बघणारा प्रत्येक जण बिनतिकीट धरला, तर मला अर्धी बस रस्त्यात उतरवावी लागेल."

तरुण प्राध्यापक हसला. प्राध्यापकबाई पुढे झुकल्या. "तर्कातल्या या चुकीला काय म्हणतात, ठाऊक आहे?"

"नाव नाही ठाऊक, बाई. नाव तुम्ही अकराव्या मिनिटानंतर सांगत असाल."

बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि ताईंकडे निरखून बघितलं. "तुम्ही! दारातल्या! अहो, सहा वर्षं मला वाटतंय की तुम्हाला माझं शिकवणं पटत नाही. रोज अर्ध्यातून उठून जाता!"

"मी उठून कुठे जाते, बाई? मी उभीच असते. बस सुटायची असते."

अधिकारी तेवढे हसले नाहीत. नियम म्हणजे नियम, असं ते दोनदा म्हणाले. तिघांनी आपापसांत बरीच कुजबुज केली. शेवटी ठरलं की यंत्राला जमत नसेल तर माणसाने लक्ष ठेवावं. नवी प्रश्नपत्रिका, कागदावर, शेजारच्या खोलीत, आत्ता लगेच. लक्ष ठेवायला अधिकारी स्वतः बसतील.

ताईंनी दीड तास लिहिलं. नजर दाराकडे जाई, खिडकीकडे जाई, परत कागदावर येई. अधिकाऱ्यांनी सुरुवातीला त्यांच्यावर डोळे रोखले होते. पण ताई कुठे बघतात ते बघता बघता पाऊण तासात तेही दार, खिडकी, टेबल असं करू लागले आणि शेवटी त्यांची मान दुखायला लागली.

निबंधाचा प्रश्न होता, 'अनोळखी माणसाबद्दल आपलं काही कर्तव्य असतं का?' ताईंनी प्रश्न वाचला आणि पेन थांबलंच नाही. ओळखीच्या माणसापेक्षा अनोळखी माणसाबद्दलचं कर्तव्य मोठं, असं त्यांनी ठणकावून लिहिलं. घरचं माणूस रागावतं, रुसतं, हक्काने मागून घेतं. अनोळखी माणूस आपलं तोंडही न बघता मागे बसतो आणि डोळे मिटतो. त्याला काही मागता येत नाही, म्हणून त्याला आधी द्यायचं. चार पानं भरली.

नंतरचे बारा दिवस घरात कुणी परीक्षेचा विषय काढला नाही. सासूबाई तर 'पास' हा शब्दच टाळायच्या आणि बसचा पास नव्याने काढायचा झाला तरी 'ते कार्ड' म्हणायच्या.

तेराव्या दिवशी ताई डेपोत बसच्या पायरीवर बसून चहा पीत होत्या. निघायला तीन मिनिटं होती. फोन वाजला. नंबर अनोळखी होता, आवाज मात्र घोगरा.

"मी तुमचा निबंध वाचला," प्राध्यापकबाई म्हणाल्या. "मला तो अजिबात पटलेला नाही."

"बरं," ताई कशाबशा म्हणाल्या. "म्हणजे प्रवेश नाही मिळाला."

"प्रवेश? तो मिळाला की. यादी सकाळीच लागली, अकरावा नंबर आहे तुमचा. मी त्यासाठी फोन केलेलाच नाही. तिसऱ्या पानावर तुम्ही म्हणता, अनोळखी माणूस मागू शकत नाही म्हणून त्याला आधी द्यायचं. हे साफ चूक आहे. तान्हं मूलही मागू शकत नाही, ते काय अनोळखी असतं?"

ताईंना यादीचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण जरा मागाहून. आधी त्यांना भरून आलं ते भलत्याच गोष्टीने. त्यांच्या मनातला एक विचार घेऊन एवढी शिकलेली बाई बारा दिवस बसली होती, आणि तो खोडून काढायला तिने आपणहून फोन केला होता. घरी सगळे मान डोलावत, कौतुक करत. पण तुमचं चुकतंय, असं आजवर कुणी इतकं मन लावून त्यांना सांगितलं नव्हतं.

"बाई, तान्हं मूल रडतं," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "रडणं म्हणजे मागणंच. माझ्या मागे झोपलेला माणूस रडतसुद्धा नाही."

"रडणं म्हणजे मागणं नव्हे!"

"कसं नव्हे? तुम्हाला मूलबाळ आहे का?"

"तीन आहेत! आणि त्याचा इथे काही संबंध नाही, हाच तर तुमचा गोंधळ आहे!"

ताई चहाचा कप बाजूला ठेवून उभ्याच राहिल्या आणि हातवारे करत पायरीखाली येरझाऱ्या घालू लागल्या. आतल्या प्रवाशांनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या. एकाने घड्याळ दाखवलं, दुसऱ्याने त्याला गप्प केलं, कारण तान्ह्या मुलाचं काय ठरतं ते त्याला ऐकायचं होतं. शेवटी बाई म्हणाल्या, "हे फोनवर मिटणार नाही. पुढच्या सोमवारी सहा वाजता वर्गात या. आणि दारात उभ्या राहू नका, पुढच्या बाकावर बसा." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

त्या दिवशी चौदा नंबर सात मिनिटं उशिरा सुटली. पाळी संपल्यावर डेपोच्या नोंदवहीत उशिराचं कारण लिहायची वेळ आली. वहीत वाहतूक, बिघाड, आजारपण अशी कारणं ओळीने लिहिलेली होती. ताईंनी दोन मिनिटं विचार केला आणि खरं तेच लिहिलं, 'मतभेद'.